श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस, सातारा

श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे महाराष्ट्रातील सातारा शहरात १९२४ साली सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह आहे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ते स्थापन केले. निरनिराळ्या जातींच्या आणि धर्मांच्या मुलांनी एका छपराखाली राहावे, एका पंगतीत जेवावे, आपली कामे आपण करावीत आणि श्रमाच्या बळावर शिक्षण पूर्ण करावे, हे या वसतिगृहाचे मुख्य सूत्र होते. येथे वाढलेल्या तरुणांनी पुढे सातारा आणि सांगली परिसरातील खेड्यांत शिक्षक, वसतिगृहप्रमुख व कार्यकर्ते म्हणून काम केले. त्यामुळे सामाजिक सहजीवन, लोकसेवा आणि युवक-नेतृत्व यांची सांगड घालणारा महाराष्ट्रातील एक आरंभीचा प्रयोग म्हणून या वसतिगृहाचा उल्लेख केला जातो.

भौगोलिक संदर्भ

वसतिगृहाची स्थापना झाली तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हा भाग सातारा जिल्ह्यातच होता, तर सांगली, मिरज, जत इत्यादी स्वतंत्र संस्थाने होती. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यातील हा सलग शेतकरी मुलूख असल्याने वसतिगृहाचा इतिहास या दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक इतिहास ठरतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील खेड्यांत प्राथमिक शाळा तुरळक होत्या आणि माध्यमिक शिक्षणासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाणे भाग असे. शहरात राहण्याजेवण्याची सोय नसल्याने खेड्यातील मुलाचे शिक्षण चौथीपुढे बहुधा खुंटत असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांपुढे तर शाळेच्या आतही भिंत होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. साताऱ्यातील शालेय दिवसांत त्यांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. हा प्रवेशदिन महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून घोषित केला. ज्या गावातील शाळेत एका मुलाला वेगळे बसावे लागले, त्याच गावात सुमारे पाव शतकानंतर सर्व जातींच्या मुलांची एक पंगत बसू लागली, ही गोष्ट या वसतिगृहाचे ऐतिहासिक महत्त्व समजण्यासाठी लक्षात घ्यावी लागते.

वसतिगृहांच्या चळवळीचे केंद्र त्या काळी कोल्हापूर होते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजाराम वसतिगृह काढले. परंतु त्याचा लाभ प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच मिळू लागला. म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी स्वतंत्र वसतिगृहांना उत्तेजन दिले. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग ही त्यांपैकी काही होत. या वसतिगृहांमुळे बहुजन समाजातील मुले प्रथमच मोठ्या संख्येने शहरात शिकू लागली. प्रत्येक समाजाला आपल्या पायांवर उभे करण्याचे काम या व्यवस्थेने केले. मात्र मुले राहत आणि जेवत ती आपापल्या समाजातच. शिक्षणाची सोय आणि सहजीवन या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी साधण्याचा प्रश्न शिल्लक होता.

संस्थापक

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे जैन शेतकऱ्याचे आणि मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या सहवासाचा आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. किर्लोस्कर आणि कूपर या कारखान्यांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीनिमित्त ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या घरातील दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी या भ्रमंतीत जवळून पाहिले. विद्यार्थी त्यांना ‘अण्णा’ म्हणत.

आरंभीची वसतिगृहे

साताऱ्यातील वसतिगृह एकाएकी उभे राहिले नाही. त्याआधी सुमारे दीड दशक भाऊराव आणि त्यांचे सहकारी अशा प्रयोगांत गुंतले होते. १९१० च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, सातारा जिल्ह्यातील काले (ता. कऱ्हाड) येथे सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या साक्षीने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि तेथे वसतिगृह निघाले. पुढे वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही वसतिगृह सुरू झाले. संस्थेच्या नावातील ‘रयत’ हा शब्द जातिवाचक नाही, धर्मवाचकही नाही. तो कष्टकरी प्रजेचा वाचक आहे. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष असून ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचे ब्रीदवाक्य आहे.

साताऱ्यातील स्थापना

१९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि त्याच वर्षी तेथे वसतिगृह सुरू झाले. प्रारंभी मुले भाऊरावांच्या बिऱ्हाडीच राहत. पुढे शहरातील धनिणीच्या बागेत वसतिगृहाला जागा मिळाली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांच्या हस्ते वसतिगृहाचा नामकरण समारंभ झाला. त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नाव देण्यात आले. १९२२ साली निधन पावलेल्या राजर्षी शाहू महाराजांचे हे स्मारक होते. कोल्हापूरच्या स्वतंत्र वसतिगृहांच्या प्रवर्तकाचे नाव साताऱ्याच्या मिश्र वसतिगृहाला मिळाले, यातून दोन्ही प्रयत्नांमधील सातत्य दिसते.

सहजीवन

वसतिगृहात मराठा, जैन, मुस्लिम, महार, मांग इत्यादी समाजांतील मुले एकत्र राहत. आज ही गोष्ट साधी वाटली तरी त्या काळी एका पंगतीत जेवणे हा रूढीशी उघड संघर्ष होता. रोटीव्यवहार हा जातिव्यवस्थेचा पहिला कुंपणदांडा होय. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या हातची भाकरी चालत नाही, यावर गावगाड्यातील माणसाची पायरी ठरत असे. मिश्र वसतिगृहात मुलगा ठेवणे म्हणजे सुट्टीत तो गावी परतल्यावर भाऊबंदांच्या प्रश्नांना आणि प्रसंगी बहिष्काराच्या धाकाला सामोरे जाणे होते. ही जोखीम संस्थापकाइतकीच विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या आईबापांचीही होती.

एकतेचा उपदेश करण्यापेक्षा ती दिनक्रमात मुरवण्याकडे वसतिगृहाचा कल होता. दळण, पाणी भरणे, भाकरी भाजणे, वाढणे, भांडी घासणे, झाडलोट ही कामे मुलांनी पाळीने करावयाची असत. जातीनुसार वाटून दिलेले काम हा गावगाड्याचा पाया होता. पाळीनुसार वाटून घेतलेले काम हा वसतिगृहाचा पाया झाला. आज एकाने केलेली भाकरी दुसऱ्याने खावी आणि उद्या दुसऱ्याने घासलेल्या ताटात पहिल्याने जेवावे, असा व्यवहार रोज घडू लागला की सोवळ्याओवळ्याला जागा उरत नसे. जेवण भाकरी-आमटीचे, साधे असे आणि सर्वांना सारखेच असे.

खेड्यातून आलेल्या मुलांच्या बोलीत, देवधर्मात, सणावारांत आणि घरच्या चालीरीतींत बराच फरक असे. निजणे, उठणे, अभ्यास आणि काम एकत्र झाल्याने या चालीरीतींची परस्परांना ओळख होई. या अर्थाने वसतिगृह हे एकाच जिल्ह्यातील, पण परस्परांपासून तुटलेल्या समाजांच्या सांस्कृतिक देवघेवीचे ठिकाण बनले.

लक्ष्मीबाई पाटील यांचे योगदान

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वसतिगृहाच्या उभारणीतील वाटा फार मोठा आहे. त्या सोवळे पाळणाऱ्या जैन घरातून आलेल्या होत्या. तरीही सर्व जातींच्या मुलांचा स्वयंपाक आणि आजारपण त्यांनी आपलेपणाने सांभाळले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडण्यास दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेत त्यांचा उल्लेख ‘रयत माउली’ असा केला जातो.

स्वावलंबन आणि लोकाश्रय

वसतिगृहाला कायमचे उत्पन्न नव्हते. शाहू महाराजांच्या वसतिगृहांना होते तसे राजाश्रयाचे पाठबळही येथे नव्हते. खर्चाची तोंडमिळवणी तीन मार्गांनी होई: विद्यार्थ्यांचे श्रम, गावकऱ्यांनी दिलेले धान्य आणि देणग्या. मुले शेतात राबत, दगड फोडत, बांधकामावर काम करत. धान्यासाठी मुष्टिफंडाची पद्धत होती. घरातील बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि मुलांनी ते गोळा करून आणावे, अशी ही रीत होती. तिच्यामुळे श्रीमंत देणगीदारावरचे अवलंबन कमी झाले आणि ज्या घरातून एकही मूल शाळेत गेलेले नव्हते, त्या घराचाही वसतिगृहाशी मुठीएवढा का होईना, पण संबंध जडला. धान्य गोळा करणाऱ्या मुलालाही आपण कोणाच्या जिवावर शिकतो, याची जाणीव राही.

या पद्धतीतून ‘कमवा आणि शिका’ ही योजना आकारास आली. तिचे दोन हेतू होते. गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण पैशावाचून अडू नये, हा पहिला. अंगमेहनत हलकी आणि बुद्धीचे काम श्रेष्ठ ही समजूत मोडावी, हा दुसरा. श्रमाची सक्ती गरिबाला आणि सूट श्रीमंताला, असा भेद राहिला असता तर दुसरा हेतू फसला असता. म्हणून कामाच्या पाळ्या सर्वांनाच असत.

युवकांचे नेतृत्व

वसतिगृहाच्या विस्ताराची पद्धतही वैशिष्ट्यपूर्ण होती. मोठ्या मुलांनी लहानांचा अभ्यास घ्यावा, कामांची वाटणी करावी, हिशेब ठेवावा आणि शिक्षण संपल्यावर त्यांच्यापैकी काहींनी दुसऱ्या गावी शाळा किंवा वसतिगृह चालवावे, असा क्रम पडत गेला. कारभार शिकवण्याचा वेगळा वर्ग नव्हता. कोठीघर, पंगत आणि कामाची पाळी याच त्याच्या शाळा होत्या.

१९३२ साली पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस निघाले. १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. त्याचेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. ग्रामीण भागात राहून शिकवण्याची तयारी असलेले शिक्षक घडवणे हा त्याचा उद्देश होता. १९३७ साली प्रांतिक मंत्रिमंडळ आल्यानंतर ऐच्छिक शाळांना उत्तेजन मिळाले आणि संस्थेने डोंगरदऱ्यांतील वाड्यावस्त्यांवर अशा शेकडो शाळा उघडल्या. जेथे शाळेला इमारत नव्हती तेथे देवळात किंवा चावडीत वर्ग भरत. नुकतेच शिक्षण पूर्ण केलेले तरुण या शाळांचे शिक्षक झाले. गावात राहायचे, सर्व जातींच्या मुलांना एकत्र बसवायचे आणि गावाचा विरोध झाल्यास समजूत घालायची, ही जबाबदारी विशी-पंचविशीतील या शिक्षकांवर येऊन पडली. वसतिगृहातील सहजीवनाची खरी कसोटी साताऱ्यापेक्षा या वाड्यावस्त्यांवर लागली.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे विनाशुल्क निवासी विद्यालय निघाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ योजना महाविद्यालयीन पातळीवर आली. १९५४ साली कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज स्थापन झाले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी जाहीर केला होता. १९४८ मध्ये सरकारशी झालेल्या मतभेदानंतर संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद झाले. अशा वेळी विद्यार्थ्यांच्या श्रमाची आणि गावकऱ्यांच्या धान्याची सवय संस्थेच्या उपयोगी पडली.

वसतिगृहातून पुढे आलेल्यांमध्ये बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्या कामात पडले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सांगली जिल्ह्यातील ढवळी येथील प्रा. एन. डी. पाटील (१९२९–२०२२) यांनी १९५४ पासून काही वर्षे छत्रपती शिवाजी कॉलेजात अध्यापन केले. त्या काळात ते ‘कमवा आणि शिका’ योजनेचे प्रमुख आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. नंतर ते इस्लामपूर येथील महाविद्यालयाचे प्राचार्य, शेतकरी कामगार पक्षाचे नेते आणि रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन झाले.

जगातील समांतर प्रयोग

सामाईक श्रमातून दुरावा मिटवण्याची कल्पना त्या काळी इतरत्रही मूळ धरत होती. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली १८८१ साली सुरू झालेल्या टस्कीगी येथील संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून इमारती बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० साली फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांतील स्वयंसेवकांचे श्रमशिबिर भरवले. काल शत्रू असलेल्या राष्ट्रांतील लोकांनी एकत्र घरे बांधावीत, ही त्यामागील कल्पना होती. सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्येही मदतकार्यासाठी आले होते.

या प्रयोगांशी तुलना केली असता साताऱ्याच्या वसतिगृहाचे वेगळेपण दिसते. टस्कीगीत विद्यार्थी एकाच वंचित समाजाचे होते. श्रमशिबिरातील स्वयंसेवक काही आठवड्यांनी आपापल्या देशी परतत. साताऱ्यात मात्र भिन्न समाजांतील मुले वर्षानुवर्षे एकत्र राहत आणि ज्या गावांत भेदाभेद पाळला जाई, त्याच गावांत पुन्हा जाऊन काम करत. त्यांना दूर देशीच्या माणसाशी जुळवून घ्यायचे नव्हते. वेशीबाहेर राहणाऱ्या शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचे होते, आणि ते अनेकदा अधिक कठीण होते.

मर्यादा

आरंभीच्या काळात वसतिगृहाचा लाभ मुख्यतः मुलांना मिळाला. मुलींच्या निवासाची आणि अध्यापिका प्रशिक्षणाची सोय संस्थेने साताऱ्यात नंतर केली. वसतिगृहातील रोटीव्यवहार सर्रास झाला, तरी गावातील बेटीव्यवहारापर्यंत तो बदल सहज पोचला नाही. अंगमेहनतीचे तास आणि अभ्यासाचे तास यांचा मेळ घालणे विद्यार्थ्यांना जड जाई. स्वातंत्र्योत्तर काळात शिष्यवृत्त्या, शुल्कमाफी आणि शासकीय वसतिगृहे आल्यावर श्रमाची आर्थिक निकड कमी झाली. त्यामुळे ‘कमवा आणि शिका’ योजनेकडे समतेच्या शिक्षणापेक्षा केवळ गरिबांसाठीचे साहाय्य म्हणून पाहण्याचा धोका निर्माण झाला.

वारसा

कर्मवीर भाऊराव पाटील यांना १९५९ साली पद्मभूषण हा किताब आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. पदवी मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेच्या आज महाराष्ट्र आणि कर्नाटकात सातशेहून अधिक शाखा आहेत. ‘कमवा आणि शिका’ योजना शिवाजी विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांनीही राबवली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी केंद्र सरकारने ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. विद्यार्थ्यांनी खेड्यात शिबिर भरवून श्रमदान करण्याची तिच्यातील पद्धत या परिसरातील लोकांना अपरिचित नव्हती. सातारा येथील क्लस्टर विद्यापीठास कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव देण्यात आले आहे.

शाळांची आणि महाविद्यालयांची संख्या हा या वारशाचा मोजता येणारा भाग आहे. सर्व जातींच्या मुलांनी पाळीने भाकरी भाजावी आणि एका पंगतीत बसून खावी, हा वसतिगृहाचा मूळ नियम त्या संख्येच्या मुळाशी आहे.

हे सुद्धा पहा

कर्मवीर भाऊराव पाटील
रयत शिक्षण संस्था
राजर्षी शाहू महाराज
सत्यशोधक समाज
छत्रपती शिवाजी कॉलेज, सातारा
राष्ट्रीय सेवा योजना